टिंब वर, टिंब खाली

स्वराच्या डोक्यावर एक टिंब द्या. भातखंडे लिपी शिकलेली मुलगी तो स्वर तार सप्तकात गाईल, पलुस्कर लिपी शिकलेली मुलगी तोच स्वर मंद्रात उतरवील. टिंबाऐवजी मध्यमावर उभी रेघ द्या. पहिलीला तो तीव्र मध्यम वाटेल, दुसरीला तार सप्तकातला मध्यम. आता खाली एक शून्य काढा. पहिली तिथे तालातला काल दाखवील, दुसरी ती अर्धी मात्रा धरील. दोघी आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघींच्या हातात एकाच बंदिशीचा कागद आहे.

या दोन्ही लिप्या मराठी माणसांच्या, जवळजवळ एकाच काळातल्या. विष्णु नारायण भातखंडे १८६० मध्ये वाळकेश्वरला जन्मले, वकील झाले आणि पुढे सगळं सोडून जयपूरपासून रामपूरपर्यंत उस्तादांच्या दारी बंदिशी गोळा करत हिंडले. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम घेऊन ते बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दोघांना एकच ध्यास होता: घराण्याच्या चार भिंतींत अडकलेलं गाणं सामान्य घरातल्या मुलामुलींच्या हाती जावं. त्यासाठी ते लिहिता यायला हवं होतं. दोघांनी लिहिण्याची रीत शोधली आणि एकाने दिलेली खूण दुसऱ्याच्या घरी उलटी झाली. आजही गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं दोन्ही लिप्या शिकतात आणि लेखी पेपरच्या आदल्या दिवशी टिंब वर की खाली, यावर एकमेकांची उजळणी घेतात.

गाणं लिहिण्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा मला आधी हे दोन विष्णू आठवले. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. साधनं तेवढी बदलली आहेत.

मी मीरा रोडच्या शांती नगरात गाणं आणि पेटी शिकवते. स्टेशनच्या पूर्वेला, सेक्टरांत वाटलेल्या या बुटक्या इमारतींच्या रांगा ऐंशीच्या दशकात उभ्या राहू लागल्या. मुंबईत घर परवडेना म्हणून दहिसरच्या पुढे सरकलेली कुटुंबं इथे आली. मिठागरांच्या शेजारी वसलेल्या या वस्तीत मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, मंगलोरी अशी सगळी घरं एका जिन्यावर नांदतात. त्यांच्यात सिनेमा-मालिकांच्या स्टुडिओत वाजवणारे, वाद्यमेळ बांधणारे लोकही बरेच. अंधेरी-गोरेगावला काम आणि राहायला मीरा रोड, हे त्यांचं गणित. माझ्याकडे परीक्षेला बसणाऱ्या शाळकरी मुली येतात, निवृत्तीनंतर पेटीला हात लावणारे काका येतात, आणि उत्तनहून एक तरुण येतो. तो चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवतो आणि पाच रेघांची स्टाफ लिपी वर्तमानपत्रासारखी वाचतो. एकच यमनची बंदिश मला या सगळ्यांना द्यायची असते.

त्यात माझ्या गुरूंच्या वह्या माझ्याकडे आल्या. बंदिशींच्या वह्या, शाईने लिहिलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या. गुरुभगिनी म्हणाल्या, "तू संगणकावर घे सगळं. आपल्यामागे कोणाला मिळायला हवं." माझ्या वरच्या मजल्यावर एक संगीत-संयोजक राहतात. त्यांनी प्रेमाने चार-पाच कार्यक्रमांची नावं लिहून दिली आणि प्रत्येकापुढे गुण-दोषही लिहिले.

त्या यादीचा इतिहास वाचताना मी रमून गेले. फिनाले हे यातलं ज्येष्ठ, १९८८ सालचं. सिबेलियस इंग्लंडमधल्या फिन आडनावाच्या जुळ्या भावांनी लिहिलं आणि ते १९९३ मध्ये बाजारात आलं. २००६ मध्ये ॲव्हिड कंपनीने ते घेतलं, २०१२ मध्ये लंडनचं कार्यालय बंद केलं, आणि तिथली मुख्य मंडळी स्टाइनबर्गकडे जाऊन नव्याने कामाला लागली. त्यातून २०१६ मध्ये डोरिको आलं. त्याला नाव दिलं ते सोळाव्या शतकात रोममध्ये संगीताची पुस्तकं छापणाऱ्या वालेरिओ डोरिको या मुद्रकाचं. म्यूझस्कोअरचं काम वेर्नर श्वेअर या जर्मन गृहस्थांनी २००२ मध्ये सुरू केलं. ते मोफत आहे आणि त्याचा आतला मजकूर, म्हणजे ते चालतं कसं ते, कोणालाही वाचायला खुला आहे. लिलिपाँड १९९६ पासूनचं. त्यात माउसने स्वर ठेवायचे नसतात. अक्षरांत स्वर टंकायचे आणि ते त्यांचं सुबक पान मांडून देतं.

यातलं प्रत्येक साधन मनापासून बनवलेलं आहे. मात्र नवं पान उघडताच ते जे प्रश्न विचारतं त्यांत त्याचं संगीत कुठलं ते कळतं. पहिला प्रश्न: पट्टी कोणती? माझ्या विद्यार्थिनी काळी चारमध्ये गातात, त्यांचे वडील काळी एकमध्ये. आमच्या कागदावर सा म्हणजे सा. तो कुठल्या पट्टीवर उभा आहे हे तंबोरा ठरवतो. भातखंड्यांचं एक पान मुलीला आणि वडिलांना सारखंच चालतं. स्टाफवर मात्र सा ला जागा नेमून द्यावी लागते. कार्यक्रम एका क्षणात सगळं वर-खाली सरकवून देतो, ही त्याची मोठी सोय, पण पान दोनदा छापावंच लागतं.

दुसरा प्रश्न ताल कोणता हा. इथे खरी गुंतागुंत आहे. तीनतालातल्या छोट्या ख्यालाच्या कितीतरी बंदिशी कालापासून, नवव्या मात्रेपासून सुरू होतात. मुखडा आठ मात्रा चालत येतो आणि समेवर टेकतो. सगळ्या गाण्याचा डौल त्या येऊन टेकण्यात आहे. भातखंड्यांनी हे ओळखून पानाची मांडणीच तशी केली. रकान्यांखाली क्रमाने शून्य, तीन, गुणिले, दोन अशा खुणा येतात. ओळ कालापासून सुरू होते आणि सम पानाच्या मधोमध येते. डोळ्याला आधीच दिसतं की आपण कुठे निघालो आहोत. स्टाफच्या कार्यक्रमात चार-चार मात्रांचे खण पाडले तर चार रेघांपैकी सम कोणती, हे त्याला ठाऊक नसतं. सोळा मात्रांचा एकच खण केला तर सुरुवातीला अर्धा खण तोडून ठेवावा लागतो. करता येतं, पण गाणाऱ्याला जे ठिकाण आहे ते पानाच्या दृष्टीने नुसती एक उभी रेघ असते. डोरिकोत ताल न सांगताही स्वर लिहीत जाता येतं. आलापासाठी मला ते आवडलं.

तिसरी गोष्ट आवाजाची. यातले बहुतेक कार्यक्रम लिहिलेलं वाजवून दाखवतात, आणि वाद्यमेळ लिहिणाऱ्याला त्याची फार मदत होते. माझ्या वर्गात मी तो आवाज बंद ठेवते. बागेश्रीचा कोमल गंधार, दरबारीचा आंदोलित गंधार आणि तोडीचा गंधार, तिघांखाली कागदावर एकच आडवी रेघ असते. तिघांना पेटीवर पट्टीही एकच. गायला बसलं की तीन वेगळी माणसं समोर येतात. छापील पुस्तक इथे गप्प राहतं. मूल ती रेघ बघतं आणि विचारतं, "ताई, हा गंधार कसा घ्यायचा?" आणि तालमीला सुरुवात होते. यंत्र गप्प राहत नाही. ते तिन्ही गंधार एकाच उंचीवर स्वच्छ वाजवून दाखवतं, मूल ते ऐकतं आणि प्रश्न विचारायचं राहून जातं. कागदाने थोडं कमी सांगावं, हे मला या तुलनेतून फार ठळकपणे कळलं.

भातखंडे लिपी अधिक पसरली त्याचंही कारण मला इथेच दिसतं. काळ मोजण्यात पलुस्करांची लिपी जास्त काटेकोर आहे. एक मात्रा, अर्धी, पाव, प्रत्येकीला वेगळी खूण आहे आणि ती त्या त्या स्वराखाली बसते. भातखंड्यांनी एका मात्रेतले स्वर खालच्या एका कमानीत गोळा केले आणि सोडून दिले. कोमलाखाली आडवी रेघ, लांबवायला छोटी रेघ, शब्द ओढायला अवग्रह. पेन्सिलीने, वर्गात, मास्तर म्हणतील तसं उतरवून घेता येईल इतकंच. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत हजाराहून अधिक चिजा याच मोजक्या खुणांत बसल्या. घराघरांत गेल्या त्या याच सुटसुटीतपणामुळे. पुढे पलुस्कर परंपरेतल्या गुणी मंडळींनीही आपली लिपी हलकी करत नेली.

पण भातखंड्यांची लिपी सगळ्यांसाठी श्रेष्ठ, असं म्हणायला मी तयार नाही. कारण आपल्याच किनाऱ्यावर दुसरी एक परंपरा तितक्याच निष्ठेने वाढली. गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच सोल्फा आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाचा वाद्यमेळ त्यांच्या खांद्यावर उभा राहिला. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या चाली वाद्यमेळासाठी लिहिल्या. माजोर्ड्याला १९२७ मध्ये जन्मलेल्या अँथनी गोन्साल्विसांनी संगीतकार प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि १९५८ मध्ये रागसंगीत मोठ्या वाद्यवृंदात बांधण्याचा धाडसी प्रयोग केला. ‘अमर अकबर अँथनी’मधलं त्यांच्याच नावाचं ते प्रसिद्ध गाणं शिष्याने गुरूला केलेला नमस्कार आहे. या लोकांना कागद हवा होता तो आज दुपारी, न ऐकलेलं गाणं, पन्नास जणांनी पहिल्याच फेरीत एकत्र वाजवावं म्हणून. तिथे कमी सांगून भागत नाही. कोण कुठे थांबणार, कोण कुठे मंद होणार, हे सगळं कागदावर हवं. पाच रेघांच्या लिपीत ते आहे. उत्तनच्या तरुणाला मी सरगम लिहून दिली तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "टीचर, हे वाचता येतं, पण हात हलत नाही." त्याचा हात पाच रेघा बघूनच हलतो, आणि त्याच्या मागे काही पिढ्या उभ्या आहेत.

आणि गुरूंच्या वह्या? त्यांत स्थायीचे शब्द आहेत, मुखड्याची सरगम आहे, अंतऱ्याची पहिली ओळ आहे, आणि मधे कुठेतरी समासात दोन स्वरांवर काढलेली एक लांब कमान. बस्स. ज्याला बंदिश आधीच येते त्याच्यासाठी लिहिलेल्या त्या खुणा आहेत. मी त्या वाचू शकते, कारण समोर बसून ऐकल्या आहेत. माझ्या विद्यार्थिनीला त्या पानातून काहीच मिळणार नाही.

हे तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझा गोंधळ निवळला. भातखंड्यांनी लिहिलं ते ज्याच्या गावात गुरू नाही त्याच्यासाठी. गोव्याच्या वादकांनी लिहिलं ते ज्याला लगेच वाजवायचं आहे त्याच्यासाठी. गुरूंनी लिहिलं ते ज्याला आठवण द्यायची आहे त्याच्यासाठी. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, हा प्रश्न चुलीशेजारी ठेवलेल्या भांड्यांकडे बघून कोणतं भांडं चांगलं असं विचारावं तसा निरर्थक आहे. आधी ताटावर कोण बसलं आहे ते बघायला हवं.

एक वाचणारा मात्र अजून ताटावर आलेलाच नाही. आणखी चाळीस वर्षांनी हे पान उघडू पाहणारी कोणी मुलगी. तिची काळजी मला सगळ्यांत जास्त वाटते. २६ ऑगस्ट २०२४ रोजी फिनालेच्या कंपनीने जाहीर केलं की या कार्यक्रमाचा विकास आता थांबला. पस्तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या संगीतकारांनी त्यात आपलं आयुष्य साठवलं होतं. कंपनीने त्यांना सवलतीत डोरिकोकडे जायची वाट दाखवली. ती वाट चालता आली ती म्यूझिकएक्सएमएलमुळे. एका कार्यक्रमातली रचना दुसऱ्यात नेता यावी म्हणून मायकेल गुड यांनी ही सामायिक मांडणी बनवली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ मध्ये आली आणि आज ती खुल्या मंचावर सांभाळली जाते. ज्यांनी आपल्या रचना त्या रूपातही ठेवल्या होत्या त्यांचं पुढचं काम पुष्कळ सोपं झालं. आपल्याला मराठीत हा अनुभव नवा नाही. जुन्या फॉन्टात टंकलेले लेख, पत्रिका, कवितासंग्रह नव्या संगणकावर उघडले की विचित्र अक्षरांची रांग दिसते. युनिकोड आलं तेव्हा कुठे लिहिलेलं टिकायला लागलं. बंदिशींचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

आणि मग मला जे सापडलं त्याने मी हरखून गेले. भातखंड्यांच्या मुख्य खुणा आपल्या देवनागरीत, युनिकोडमध्ये, आधीच नांदत आहेत. कोमलासाठी अक्षराखाली आडवी रेघ हवी. वेदपाठाच्या अनुदात्ताची खूण तीच आहे: रे॒, ग॒, ध॒, नि॒. तीव्र मध्यमासाठी वर उभी रेघ हवी. ऋग्वेदाच्या छापील प्रतींत स्वरितावर दिसते तीच ती: म॑. मंद्राचं खालचं टिंब म्हणजे नुक्ता: ऩि, ध़. तारेचं वरचं टिंब म्हणजे आपला अनुस्वार: सां, रें, गं. वेगळा फॉन्ट नको, विकतचा कार्यक्रम नको. साध्या फोनवर, साध्या संदेशात यमनचा आरोह जातो: ऩि रे ग म॑ ध नि सां. मात्रांचे रकाने पाडायला हिशेबाची कुठलीही तक्त्याची वही पुरते, सोळा रकाने, वर शून्य, तीन, गुणिले, दोन. वेदपाठी ब्राह्मणांनी स्वर चुकू नये म्हणून अक्षरांखाली-वर दिलेल्या रेघा शांती नगरच्या शाळकरी मुलीच्या फोनवर यमन सांभाळतात, याचा मला मनापासून आनंद होतो.

म्हणून मी एक साधन निवडलं नाही. वाचणाऱ्यांप्रमाणे काम वाटून दिलं. वर्गातल्या मुलींसाठी आणि काकांसाठी देवनागरी तक्ता. उत्तनच्या तरुणासाठी, वरच्या मजल्यावरच्या संयोजकांसाठी आणि परदेशी गेलेल्या विद्यार्थिनींच्या मुलांसाठी म्यूझस्कोअरमधली स्टाफ लिपी, आणि प्रत्येक रचनेची म्यूझिकएक्सएमएलमध्ये एक प्रत. म्यूझस्कोअर घेतलं कारण माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला ते पैसे न देता उघडता येतं. शिकणाऱ्याच्या खिशाचा विचार पलुस्करांनी केला होता. लाहोरच्या विद्यालयात ते गरीब मुलांना घरात ठेवून शिकवत. त्यांनी काढलेल्या विद्यालयाच्या नावाने परीक्षा देणाऱ्या मुलांना शिकवताना मला तो विचार विसरून चालणार नाही. सुबक छापील पुस्तक काढायचं असेल तर डोरिको किंवा सिबेलियसचं पान अधिक देखणं होईल आणि ते ज्यांचं काम आहे त्यांनी ते जरूर घ्यावं. गुरूंच्या वह्यांची मी फक्त छायाचित्रं काढून ठेवली आहेत, एक अक्षरही न बदलता. त्यांचा तर्जुमा करायचा अधिकार मला नाही. प्रत्येक गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर चिन्हांची ओळख दिली आहे, कोणती लिपी वापरली ते नाव घालून.

गाणं लिहायला बसलेल्या तरुण शिक्षकांना मला एकच सांगावंसं वाटतं. कार्यक्रमांची तुलना करण्यात महिने घालवू नका. आधी ठरवा, हे पान कोण उघडणार आहे, त्याला आधीच किती येतं आणि त्याच्याजवळ शिकवणारं कोणी आहे का. या तीन उत्तरांनी अर्धी निवड आपोआप होते. मग बघा, तुमचं साधन उद्या बंद पडलं तर पान दुसरीकडे नेता येईल का. नेता येत नसेल तर ते कितीही देखणं असो, बंदिश त्याच्या हाती देऊ नका.

लिहिलेलं पान तपासायची मी एकच रीत पाळते. बंदिश कधीही न ऐकलेल्या विद्यार्थिनीला ते देते आणि गायला सांगते. ती ज्या जागी अडते तिथे माझं लिहिणं कमी पडलेलं असतं, ते मी सुधारते. ती न अडता गाते पण राग दिसत नाही, तिथे कागदाची हद्द संपलेली असते. तिथे मी एकही नवी खूण घालत नाही. तंबोरा लावते आणि तिला समोर बसवते.